लाटेसाठी थांबणारी क्रेन

"मामा, तू खरंच जहाजावर होतास, का नुसत्या थापा?"

विचारून दाखव, अशी माझ्या मैत्रिणींची, स्वप्नाली आणि श्रुतीची, माझ्याशी पैज होती. विचारलं की! वारणानगरला, साखर कारखान्याच्या यार्डात, उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत. पैज त्यांची, पण उत्तर मलाच हवं होतं. दहावी झाली की आर्ट्स, मग डी.एड., असं घरी ठरलेलं. आणि माझ्या डोक्यात लहानपणापासून मामाचा समुद्र.

दादासोमामा हसला. "काठाला पाणी उथळ, मोठं जहाज आत येत न्हाय. मग खोल पाण्यात दुसरं लहान जहाज त्याला खेटून बांधायचं, आन् क्रेनच्या पंजानं ह्याच्या पोटातला कोळसा त्याच्या पोटात."

"आणि लाट आली की?"

"थांबायचं. खालचं जहाज वर आलं की अलगद पंजा उघडायचा. घाई केली तर आदळतोय."

"म्हंजे बसून पगार!" स्वप्नाली म्हणाली.

मामा यार्डातल्या ऊस उतरवायच्या क्रेनवर चढला. पंजानं ऊस उचलला, गव्हाणीवर आणला, आणि तसाच धरून ठेवला. खाली ऊस ओढणारा पट्टा रिकामाच फिरत होता.

"ओ पावणं, झोपला काय?" एक ट्रॅक्टरवाला ओरडला.

"नवा हाईस व्हय?" ज्ञानू मुकादम म्हणाला. "ते रोज असंच थांबतंय. का, ते कुणाला ठाव!"

मला ठाऊक होतं. मी लहान असताना मामा बंदरावरून सुट्टीला यायचा. कानामागं कोळशाची काळी रेघ. मला दोन्ही हातांत धरून गादीवर झुलवायचा, "आली... आली... आत्ता!" म्हणत बरोब्बर सोडायचा. मग आजी अंथरुणाला खिळली, आणि तो समुद्र सोडून इथं आला.

पंजा उघडला. ऊस अलगद उतरला.

चहाला मामा खाली आला. "मामा, परत जायचं होतं का रे?"

"जायचं होतं की," म्हणाला आणि बशीत फुंकत राहिला.

संध्याकाळी कोल्हापुरात, राजारामपुरीत घरी पोचले. आई भाकरी थापत होती, बाबा टीव्हीपुढं. मी टीव्हीच बंद केला.

"आई, बाबा, आर्ट्स नाही. मी सायन्स घेणार, आणि मग जहाजावर जाणार. नुसत्या क्रेनवर नाही, अख्खं जहाज चालवणार. आणि पहिल्या खेपेला मामाला नेणार. आत्ताच सांगून ठेवते!"