ठकठकबाईंची हातोडी

मी एक जुनी हातोडी आहे, मित्रांनो, पण आजवर मी एकही खिळा ठोकलेला नाही. माझे डोके गोटीएवढे, पितळेचे. दांडा लाकडी, पेन्सिलीहून थोडा जाड. खिळ्यापुढे माझे काही चालले नसते.

विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तपासणी विभागातल्या बाईंना बाजारच्या हातोड्या जड वाटत, म्हणून एका टर्नरने जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या सळईतून मला घडवले. दांडा बाईंनी स्वतः घासला.

विमान उडाले की चाके त्याच्या पोटात जातात आणि खालून दरवाजा बंद होतो. बाई ते दरवाजे तपासत. या दरवाजात दोन पातळ पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी गोंदाने चिकटवलेली असते. गोंद कुठे सुटला तर डोळ्यांना दिसत नाही. तिथे माझे काम सुरू होई. बाई बोटाबोटाच्या अंतराने मला पत्र्यावर हलकेच आपटत जात. चांगल्या जागी आवाज खणखणीत येई, सुटलेल्या जागी बद्द. बद्द जागेभोवती बाई पिवळ्या खडूने गोल काढत. पूर्ण दरवाजा चांगला निघाला, तर कोपऱ्यात त्यांचा शिक्का बसे. एका दरवाजाला दोनेक हजार टोले लागत. घाई केलेली मी कधी पाहिली नाही.

कामगार त्यांना ठकठकबाई म्हणत. त्या आल्या की कुणीतरी म्हणे, "दार वाजतंय, उघडा रे." फोरमनला उशीर खपत नसे. साप समजून भुई किती धोपटणार, असे तो विचारी. बाई म्हणत, साप नाही हे कळायलाही धोपटावीच लागते.

बावीस वर्षे अशी गेली. मग कारखान्याने एका विद्यापीठाशी करार केला. बाईंसारखे ऐकणारे यंत्र बनवायचे होते. कारखान्याने दरवाजे दिले, बाईंना आणि मला पाठवले. विद्यापीठाने एक प्राध्यापक, एक संगणक आणि उंच दांडीवरचा मायक्रोफोन दिला. आम्ही आठवड्यातून दोन दिवस प्रयोगशाळेत जाऊ लागलो. प्राध्यापकांनी दरवाजासारखेच जाळीचे साठ तुकडे तयार केले होते. काहींत मुद्दाम गोंद लावला नव्हता. कोणते, ते एका बंद पाकिटात लिहिलेले होते.

बाईंनी साठही तपासले. पाकीट उघडले तेव्हा त्यांची एकच चूक निघाली. तोच आवाज ऐकून संगणकाच्या मात्र एकोणीस चुका झाल्या. प्राध्यापक चक्रावले. बाईंना ऐकू येते ते यंत्राला का येत नाही? निदान बाईंना किती ऐकू येते ते तरी नोंदवावे, म्हणून त्यांनी बाईंच्या कानांची चाचणी घेतली.

बाईंना उंच पट्टीतले जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. दोन्ही कानांनी. कारखान्याच्या गोंगाटात ते कधी गेले, हे तिथे कुणालाच कळले नव्हते.

मित्रांनो, ही गोष्ट साधी नव्हती. ज्या आवाजावर दरवाजा पास होतो तोच ऐकू येत नसेल, तर बाईंच्या शिक्क्याला अर्थ काय? त्या शिक्क्याचे शेकडो दरवाजे त्या क्षणी आकाशात होते. कारखान्याला अहवाल पाठवण्यापूर्वी चाचणी पुन्हा करून बघू, असे प्राध्यापकांनी हळूच सुचवले. बाईंनी ओठांवरून ते ओळखले असावे.

"नको," त्या म्हणाल्या. "आजच पाठवा. आधी मी पास केलेले दरवाजे तपासायला सांगा. माझं नंतर बघू."

कारखान्याने शिक्का काढून घेतला. दुरुस्तीला येईल त्या प्रत्येक विमानाचे दरवाजे दुसऱ्या पद्धतीने तपासले जाऊ लागले. रोज दुपारी बाई प्रयोगशाळेत फोनपाशी बसत; फोन प्राध्यापक घेत. मला हातात धरत, पण वाजवत नसत. सात आठवड्यांत एकशे चार दरवाजे तपासून झाले. एकाचाही गोंद सुटलेला नव्हता. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा पूर्ण डबा संपवला.

मग त्यांना कळत होते तरी कसे? मला ठाऊक होते. पण हातोडीला कोण विचारणार?

उत्तर आले ते बाईंच्या मुलीकडून. ती शाळेत शिकवी आणि संध्याकाळी आईला न्यायला येई. घरी आईला कितपत ऐकू येते, असे प्राध्यापकांनी तिला विचारले.

"दारावरची बेल ऐकू येत नाही," ती म्हणाली. "गेली सहा वर्षं मी तिच्याशी ओरडूनच बोलते. पण मी जिना चढताना चिडलेय की दमलेय, ते तिला मी वर पोचायच्या आधीच कळलेलं असतं. वरती जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी असते ना."

प्राध्यापकांनी मला उचलून माझा दांडा बोटांत धरून बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंचे कान पूर्ण बंद केले. बाईंनी सगळे तुकडे बरोबर ओळखले. मग कान मोकळे करून माझ्या दांड्याला जाड फोम गुंडाळला. आता बाई चाचपडू लागल्या. दर दुसरा तुकडा चुकला.

चांगल्या जागेवरून मी चटकन उसळते, सुटलेल्या जागी क्षणभर जास्त रेंगाळते. ते बाईंच्या अंगठ्याला कळत होते. सगळ्यांत जास्त नवल बाईंनाच वाटले. "मला तर ऐकू यायचं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

प्राध्यापकांनी मायक्रोफोन बाजूला ठेवला आणि माझ्यासारखीच एक हातोडी बनवून तिच्यात स्पर्श मोजणारा छोटा यंत्रतुकडा बसवला. ती आता कारखान्यात काम करते. नियम नियमच असल्याने शिक्का बाईंना परत मिळाला नाही. मात्र पुढची तीन वर्षे त्यांनी नव्या हातोडीला शिकवले. छापलेल्या अहवालाच्या शेवटी एका अनुभवी तपासनीसांचे आभार मानले आहेत.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मला प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात ठेवले. खाली चिठ्ठी आहे: पितळी हातोडी, वजन एकवीस ग्रॅम.

मागच्या महिन्यात मुलगी आईचे ओळखपत्र परत करायला आली. प्राध्यापकांनी कपाट उघडून मला तिच्या हातात दिले. माझ्या दांड्यावर बाईंच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. तिने तिथे अंगठा ठेवला. तिचा जरा मोठा होता, पण बसला. मग एका तुकड्यावर तिने मला आपटले. चार टोले या बाजूला, चार त्या बाजूला.

"अंगठ्याला कळतंय काही?" प्राध्यापकांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. मग खळग्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "ऐकू येतंय का, एवढंच विचारलं मी तिला. तुला कळतं कसं, हे नाही विचारलं कधी."

जाताना तिने एकच विनंती केली, आणि प्राध्यापकांनी ती मानली. आता कपाटाला कुलूप नसते.

मित्रांनो, शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही इथे याल तेव्हा मला घासूनपुसून चकचकीत करू नका. खळग्यातला काळा डाग राहू द्या. शेजारी दोन तुकडे ठेवले आहेत, एक चांगला, एक सुटलेला. खळगा शोधा, अंगठा ठेवा, आणि मला अलगद आपटा. पहिल्यांदा अंगठ्याला काही कळणार नाही. घाई करू नका. मुलगीही दर गुरुवारी शाळा सुटल्यावर येते. काल कान बंद करून तिला दहापैकी सहा तुकडे ओळखता आले.