चार मापटी बेसन

उदगिरात बापूसाहेब वकिलांच्या घरी केवळाबाई बारा वर्षं स्वयंपाकाला होत्या आणि या बारा वर्षांत त्यांना कुणी तोळ्यामाशाचा जाब विचारला नव्हता. मग दिवाळसणाला जावई आले. श्रीपाद नांदेडच्या मदरशात हिसाब शिकवायचा आणि निजामाच्या मुलखातला निम्मा घोळ माणसं तोलायचं सोडून मापानं मोजतात म्हणून आहे, असं त्याचं ठाम मत होतं. त्यातून त्याच्या बायकोचे, इंदूचे, बेसनाचे लाडू सासरी काही केल्या वळत नव्हते. स्वारी तराजू घेऊनच आली.

"शिगेचं मापटं म्हणजे किती तोळे, एवढं कळू द्या," तो सासूला म्हणाला. "मग कागद वाचून कुणीही लाडू करील."

"कुणीही?" वकिलीणबाईंनी विचारलं आणि केवळाबाईंनी कान टवकारले. त्यांना ना सासर उरलं होतं, ना माहेर. स्वयंपाकघरामागची खोली हेच घर. कागदच लाडू करायला लागला तर आपल्याला कोण ठेवणार?

तरी जावयाचा मान म्हणून त्यांनी मापटं शिगेला, वर ढीग येईतो, भरून दिलं. बेसन तीस तोळे भरलं, पिठीसाखर चौतीस. वाटीचं तूपही तोललं. चार मापट्यांचा हिशेब कागदावर मांडून जावई बाह्या सरसावून स्वतः चुलीपुढे बसला.

लाडू वळेनात. नुसता कोरडा भुगा. केवळाबाई पदराआड मनसोक्त हसल्या, पण शेजारी इंदू रडकुंडीला आली होती. "मावशी, सासूबाई पुन्हा म्हणतील, माहेरी काही शिकवलंच न्हाई." केवळाबाईंचं हसू तिथंच विरलं.

"बाईंनी हातचं राखलंय," श्रीपादनं निकाल दिला.

आता मात्र केवळाबाई उखडल्या. "मी राखलं? बसा हितं अन् बघा!"

त्यांनी शिगेचं मापटं परातीत ओतलं आणि त्यातली एक मूठ उचलून डब्यात परत टाकली. दुसरं मापटं, दुसरी मूठ.

"हे काय?" जावई ओरडला.

"काय म्हंजे? मूठ. डबा रिता करू न्हाई, अन्नपूर्णा उठून जाती. साखरंची बी टाकायची. तुपाची कशी टाकावी?"

"मग सांगितलं का नाही?"

"ते काय सांगायचं असतंय व्हय?"

श्रीपादनं मुठी तोलल्या, वजा केल्या, कागद नव्यानं लिहिला. लाडू असे वळले की इंदूनं टाळीच वाजवली. केवळाबाईंना मात्र ते बघवेनात. जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. त्या मनातल्या मनात गाठोडं बांधू लागल्या.

वकिलीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "म्हणजे बेसन आता बरोब्बर तोलूनच काढायचं?"

"बरोब्बर."

"मग डब्यात परत काय टाकायचं?"

"काहीच नाही," श्रीपाद छाती फुगवून म्हणाला. "परत टाकायची गरजच उरत नाही."

वकिलीणबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कागद चिमटीत धरून लेकीच्या हाती दिला. "हा नांदेडला घेऊन जा बाई. माझ्या घरात नको. केवळाबाई, जावईबापूंनी पहिल्या खेपेला काढलेल्या बेसनाच्या चार मुठी राहिल्यात, त्या आधी टाका."

केवळाबाईंनी डब्यातूनच मापटंभर बेसन काढलं आणि त्याच्या चार मुठी त्याच डब्यात परत टाकल्या. नांदेडचे हिसाबमास्तर बघतच राहिले. केवळाबाईंचे डोळे भरून आले होते, त्यामुळे पाचवी मूठ कधी पडली ते त्यांनाही कळलं नाही.