लसीकरण कार्डाची झेरॉक्स

मुलगी दहा दिवसांची असताना मी तिचं लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट करून आणलं. दूध सांडेल, कोपरे दुमडतील, हे मला आधीच दिसत होतं. दीड महिन्याने दवाखान्यात सिस्टरने त्यावर पेन टेकवलं, तर ते प्लास्टिकवरून घसरलं.

"आता मी लिहू कुठे?"

सासूबाई म्हणाल्या, "कार्डावरच का थांबलीस? पोरीलाही करून आणायचं होतंस."

मी समोरच्या दुकानातून कार्डाची झेरॉक्स काढून आणली. सिस्टरने तिच्यावर तारीख घातली, सही केली. पुढची तीन वर्षं सगळ्या लसी झेरॉक्सवरच नोंदल्या गेल्या.

शाळाप्रवेशाचा शेवटचा दिवस. खिडकी एकला बंद होणार होती. एकला वीस कमी असताना क्लार्कने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"ओरिजिनलवर जन्मानंतरची एकच लस. झेरॉक्सवर अकरा?"

"हो."

"मॅडम, झेरॉक्समध्ये एखादं अक्षर पुसट येतं. दहा लसी जास्त कशा येतील?"

मी लॅमिनेशनचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ओरिजिनलप्रमाणे मुलीच्या लसी झालेल्या नाहीत. प्रवेश देता येणार नाही."

सासूबाईंनी नातीचा दंड खिडकीत धरला. "हा घ्या पुरावा! दर वेळी घर डोक्यावर घेतलंय हिने."

"आजी, दंडावर तारीख नसते."

त्यावर सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. एकला दहा कमी.

"दहा सह्या पेनाच्या आहेत," मी म्हटलं. "हात लावून बघा."

क्लार्कने अंगठा जिभेला लावला आणि शेवटच्या सहीवर घासला. सही निळी पसरली. तो अंगठ्याकडे बघत राहिला.

"शाई आहे."

"आहे."

"मग ही ओरिजिनल." त्याने झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. "हिची झेरॉक्स आणा. पळा."

दुकानदाराने कागद उलटसुलट पाहिला. "ताई, ही झेरॉक्सच आहे."

"दादा, वाद नको. काढा."

परतले तेव्हा दोन मिनिटं उरली होती. क्लार्क पोच लिहू लागला.

"एवढी कॉलेज शिकलेली सून," सासूबाई नातीला म्हणाल्या, "आणि काम झालं अंगठ्याने."

पोचेवर लिहिलं होतं: लसीकरण कार्ड, मूळ (झेरॉक्स) पाहिले. झेरॉक्स एक, जोडली. त्याने शिक्का मारला.

"सोमवारी साडेआठला मुलीला आणा."