पेट्यांचं पाणी

"सुई मांडीत, माणूस आडवा. बरं वाटतंय म्हणाला तरी उठू द्यायचं नाही गं. उभा राहिला की हातचा गेला समज."

थोरल्या सिस्टर निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी वॉर्डातल्या या सिस्टरच्या कानात तो आवाज अजून तसाच होता. समोर डॉक्टरांनी मधवाल्या काकांच्या हातावर पालथा घातलेला काचेचा पेला उचलला. आतली मधमाशी डंख मारून मोकळी झाली होती.

डंखाच्या विषानं जीव जायची वेळ येणाऱ्यांना तेच विष थेंबाथेंबानं टोचून अंगवळणी पाडता येतं का, याचा अभ्यास या रुग्णालयात चालला होता. आज काकांची शेवटची चाचणी होती. यातून निभावले, तर घरामागच्या मधपेट्यांकडे परत जाता येणार होतं. पेट्या मूळच्या काकूंच्या. त्या गेल्या, पेट्या मागे राहिल्या.

"काय सिस्टर, पास ना?"

"पेपर चालू आहे अजून. गप बसा."

तेवढ्यात त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले, आवाज घोगरा झाला. डॉक्टरांनी मान हलवायचा अवकाश, तिनं ॲड्रेनलिनची सुई पँटवरूनच मांडीत खुपसली. त्यांना आडवं केलं, पायांखाली उशा सरकवल्या. हळूहळू श्वास मोकळा झाला.

"आज इथंच राहायचं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "आणि काका, आता पेट्यांपाशी जायचं नाही."

 काका एकदम कोपरावर रेटा देऊन उठू लागले. तिनं खांदा धरला.

"सोडा. सकाळी निघायच्या घाईत पेट्यांचं पाणी राहिलं. या उन्हात तडफडतील बिचाऱ्या. मी आता ठणठणीत आहे."

"सगळ्यांना असंच वाटतं, काका."

"हिचा नेम होता तो. मी एक दिवस चुकू दिला नाही."

"मी ठेवते पाणी."

"तुम्ही? मघाशी पेल्याकडे बघायची हिंमत नव्हती तुमची!"

"नव्हतीच. घाबरत घाबरत ठेवीन. पण तुम्ही हलायचं नाही. माझा शब्द, तुमचाही शब्द."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि डोकं गादीवर टेकलं. खिशातून फाटकाची किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"पसरट भांडं घ्या. त्यात खडे टाका, नाहीतर बुडतात. आणि जवळ जाताना हळू चाला. ही हळूच जायची." त्यांनी तिची मूठ किल्लीवर मिटवली. "पेट्या कुणाला द्यायच्या, ते उद्या बघू."

तिची ड्युटी संपेपर्यंत ते खरोखरच हलले नाहीत.

तिनं कपडे बदलले. रुग्णालयाच्या दारातल्या कुंडीतले चार खडे नळाखाली धुऊन रुमालात बांधले. काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडेच होतं. जन्मभर वॉर्डातून धावत आलेली ती बाई किल्ली मुठीत धरून, आतापासूनच हळू चालत निघाली.