गोलकीपरला बाहेर काढलं

हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये कोच मॅडमनी गोलकीपरला विचारलं, "स्कोअर काय झालाय?"

"आपण एकने पुढे," टिंगी म्हणाली.

सामना बरोबरीत होता. बरोबरीचा गोल टिंगीच्याच हातातून निसटला होता, आणि त्याच्या जरा आधी समोरच्या पोरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला होता.

मॅडम बाकीच्या मुलींकडे वळल्या. "हिला काय होतंय? बोला कुणीतरी!"

कर्णधार खाली मान घालून बुटाची नाडी आवळत होती. "आत्ता बाथरूममध्ये ओकली. सांगू नका म्हणाली."

मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तू गप्प बसलीस? टिंगी, हातमोजे काढ."

"निवड समिती मला बघायला आलीय!" टिंगी किंचाळली. "तुम्हाला काय, तुमचं खेळून झालंय!"

"काढ म्हणते ना!"

टिंगीने हातमोजे भिंतीवर भिरकावले. तेवढ्यात दार ढकलून क्लबचे अध्यक्ष आत आले. त्यांच्यामागे टिंगीचे वडील.

"तिला खेळवा," अध्यक्ष म्हणाले. "फायनल आहे ही."

"हिला डॉक्टरकडे न्यायचंय. गाडी काढा."

"मॅडम, पोर स्वतः ठीक आहे म्हणतेय," वडील म्हणाले.

"पोरीला स्कोअर आठवत नाहीये! बाप आहात ना तुम्ही?"

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. मग तिची बॅग उचलली.

"हरलात तर उद्यापासून येऊ नका," अध्यक्ष म्हणाले.

"बरं. आता बाहेर व्हा, मला टीमशी बोलायचंय."

राखीव गोलकीपरला हातमोजे नीट चढवता येईनात. मॅडमनी ते घालून दिले. "चेंडू आला की जोरात ओरड, एवढंच तुझं काम. आणि बचाववाल्यांनो, हिच्यावर लांबून एकही फटका येता कामा नये. आला तर तुमची खैर नाही."

पोरी जीव तोडून खेळल्या. शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर गोल झाला आणि त्या हरल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी टिंगीला तीन महिने मैदान बंद केलं; डोक्याला दुसरा मार बसला असता तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. मॅडम भेटायला गेल्या तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझी संधी घालवलीत," एवढंच बोलली. मॅडम तासभर बसल्या आणि उठून आल्या.

दुसऱ्या दिवशी क्लबने त्यांना काढलं. त्याच संध्याकाळी कर्णधार अख्खी टीम घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "आम्ही सरावाला जाणार नाही. तुम्हाला परत घेईपर्यंत नाही."

मुली पाठीवर थाप पडेल म्हणून आल्या होत्या. मॅडम उखडल्याच. "माझ्यासाठी खेळता का तुम्ही? चला, मैदानावर!"

"आणि नव्या कोचने जखमी पोरीला खेळवलं तर?" कर्णधारही भडकली.

"तर तू तिला बाहेर काढायचं. दंडावर कर्णधाराची पट्टी कशाला बांधतेस?"

कर्णधार दार आपटून गेली.

महिन्याभरानंतरच्या सामन्यात एका मुलीचा घोटा मुरगळला. नवे कोच "उठ, पळ!" म्हणून ओरडत राहिले. कर्णधाराने चेंडू काखेत घेतला आणि मैदानाच्या मधोमध बसकण मारली. रेफ्रीने पिवळं कार्ड दाखवलं, तरी ती हलली नाही.

"आधी हिला बाहेर न्या," ती ओरडली. "मग बघू तुमचा सामना!"

एकेक करत बाकीच्या पोरीही तिच्याभोवती बसल्या. शेवटी स्ट्रेचर आत आलं.