माफीचं तयार वाक्य

द्राक्षाची एक बी रस गाळायच्या फडक्याच्या विणीत अडकून बसली होती आणि सुवर्णा ती नखानं काढू बघत होती – निघत नव्हती, नुसतीच सरकत होती – त्या लहानशा खोलीत शेजारी उज्वलाताई सुरीनं पावाच्या कडा कापत होत्या. पलीकडे देवळात कुणीतरी पेटीवर गीताची चाल बसवत होतं.

पहिल्या रविवारचं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षरस. त्याची तयारी मंडळीतल्या दोन बायकांनी करायची. शरणपूर रोडच्या या देवळात आजवर या दोन जावांना कुणी एकत्र पाळी दिली नव्हती. नव्या पाळकीणबाईंना, धर्मगुरूंच्या पत्नीला, ठाऊक नसावं – की ठाऊक असूनच? मघाशी दारातून डोकावून म्हणाल्या, "दोघी जावा नि एकच पातेलं! रस आंबवू नका गं."

सुवर्णा हसली होती. कारण तिचं वाक्य तयार होतं. लेक सृष्टी गेल्यापासून, म्हणजे ब्याण्णवपासून, ती पेल्यांचं तबक पेला न घेताच पुढे सरकवत आली होती – मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, आधी समेट, मग पेला, हे तिला लहानपणापासून माहीत – आणि तबक पुढे जाताना बाकावरच्या बायका बघायच्या, नवरा, शांतवन, मान खाली घालायचा. या उपवासकाळात तिनं ठरवलं, बस्स. ताई, तुम्ही माझ्या लेकीच्या मातीला आला नाहीत, तरी मी तुम्हाला माफ केलंय. एवढंच बोलायचं.

चार महिन्यांची सृष्टी... शवपेटी इतकी लहान की शांतवननं एकट्यानंच उचलली. इगतपुरीचे रेल्वेतले मामा ड्यूटी सोडून आले, नांदगावची आत्या आजारी होती तरी आली, आणि सख्खी थोरली जाऊ, एका गल्लीतली...

"ताई," ती म्हणाली, आणि वाक्य बोलून टाकलं. ठरवलं होतं तसंच.

सुरी थांबली. उज्वलाताईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मी आले होते, सुवर्णा."

"कुठं?"

"कबरस्तानाच्या भिंतीबाहेर. आत कशी येऊ? तूच सकाळी म्हणालीस ना, दारात, सगळ्यांसमोर – त्या वांझेला माझ्या लेकराजवळ फिरकू देऊ नका."

"मी?"

"जाऊ दे गं. मी तेव्हाच सोडून दिलं. दर प्रभुभोजनाला आधी तुझं नाव घेते, मग पेला उचलते." सुरी पुन्हा चालू झाली. "आण ते फडकं, पिळून टाकते."

सुवर्णानं फडकं दिलं. दिलं म्हणजे हात पुढे झाला.

मी असं बोलले? मी? ती सकाळ तिनं चाचपून पाहिली – डेटॉलचा वास, दंडाला धरलेले कुणाचे तरी हात, आपलं उघडं तोंड... तोंड उघडं होतं, नक्की, पण त्यातून रडणं बाहेर पडत होतं ना? रडणंच. तिनं 'वांझ' हा शब्द आवाज न करता ओठांत उच्चारून बघितला. जीभ अडखळली नाही.

म्हणजे शांतवनला माहीत होतं. सगळ्यांनाच. तबक पुढे सरकवताना त्या बायका बघायच्या, ते दुखावलेल्या आईकडे नव्हेच तर...

"चल, घंटा झाली," उज्वलाताई म्हणाल्या. "पेले तू घे, पाव मी घेते."

तिनं तबक उचललं. पेले एकमेकांवर किणकिणू लागले तसं ते पोटाशी धरलं. दाराशी पाळकीणबाई काहीतरी हसून बोलल्या, ते तिला ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे लेकीची पेटी खड्ड्यात उतरवत होते, नेहमीसारखीच, पण यावेळी मामांच्या खांद्यापलीकडे भिंतीवरून पदर घेतलेलं एक डोकं दिसत होतं. पदर हिरवा होता – की हिरवा रंग आत्ता, या क्षणी, तिनंच दिला? हे डोकं तिथं होतं, की ती आता उभं करत होती? सुवर्णाला सांगता येईना. ते डोकं हलेना, आणि त्याच्याकडे पाहिल्याशिवाय पेटी खाली उतरेना.