कमरेएवढी ट्रॉली

मी ट्रॉली बोलतेय. उसाची नव्हे, वैरणीची, छोट्या ट्रॅक्टरमागची. कोल्हापूरजवळच्या एका गावात राहते. माझा जन्मच वादातून झालाय, तेव्हा थोडं फटकळ बोलले तर मनावर घेऊ नका.

माझा मालक कृष्णात. त्याची बायको संयोगिता म्हशींची वैरण रोज शेतातून डोक्यावर आणायची. मान धरली, हाताला मुंग्या यायला लागल्या. डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कामातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून ट्रॉली हवी होती. एवढं साधं होतं.

पण विकत घ्यायची की बनवायची, यावर दूध संस्थेच्या कट्ट्यावर उन्हाळाभर खल झाला. शेजारचा उदयसिंह म्हणायचा, तयार आण आणि उद्यापासून कामाला लाव. कृष्णातला तयार ट्रॉलीचा पत्रा पापडासारखा वाटायचा. गोठ्यामागं जुन्या जीपचा अ‍ॅक्सल पडलाय, कोल्हापुरात काय बनत नाही, हा त्याचा हेका. तोवर वैरण संयोगिताच वाहत होती, मानेला डॉक्टरांचा पट्टा बांधून. तिला कुणी काही विचारलं नाही. मला आजही त्याचा राग येतो.

शेवटी मी शहरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात बनले. आमच्याकडे ट्रॉली म्हटलं की डोळ्यांसमोर ऊसच येतो. म्हणून कृष्णातनं माझ्या बाजूही पुरुषभर उंच करून घेतल्या. मागचा फाळका, म्हणजे उघडझाप करायची मागची बाजूही, मजबुतीसाठी कायमची वेल्ड केली. निळा रंग, हार, नारळ सगळं झालं. मीही जरा मिरवले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. रीतीप्रमाणं कृष्णात रचायला वर चढला आणि संयोगिता खालून भारा द्यायला उभी राहिली. तिनं भारा डोक्यावर घेतला, टाचा उंचावल्या, आणि हातातलं बळच गेलं. भारा मातीत पडला.

"डोक्यावरनं न्यायचं न्हाय म्हणून ही केली न्हवं? मग डोक्यावरनं आत टाकायचं कशापायी?"

कृष्णात खाली उतरला. तयारच आणायला पाहिजे होती, असं पुटपुटला. तयार ट्रॉलीही तू एवढीच उंच आणली असतीस, असं संयोगिता म्हणाली. 

त्यानं तिलाच दुकानात नेलं. "हितं उभी ऱ्हा. तू म्हणशील तितं कापू."

तिनं कमरेशी हात धरला. वेल्डरनं तिथं खडूची रेघ ओढली आणि कटर फिरवला. फाळक्याला बिजागऱ्या लागल्या. आता दोघं खालूनच भारे आत सरकवतात. कट्ट्यावर मला बाबागाडी म्हणतात. म्हणू देत.

तुम्ही ट्रॉली बनवा नाहीतर विकत आणा, माझं काही म्हणणं नाही. भारा जिच्या डोक्यावर आहे, तिला मात्र आधी शेजारी उभी करून बघा.

परवा संयोगिता भाऱ्यांना टेकून माझ्यात बसली होती. बांधावरून एका बाईनं हाक मारली. डोक्यावर भारा असताना वळून बघता येत नाही, म्हणून इतकी वर्षं ती ऐकून पुढं जायची. परवा ती वळली, आणि हात वर करून तिनं ओ दिली.